पहिली प्राइम लेन्स: एपीएस-सी मिररलेसवर ३०, ३५ की ५०?

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे सोनी ए६४०० हा एपीएस-सी (लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आहे आणि त्यासोबत आलेली १६-५० मिमीची किट लेन्स (एफ/३.५-५.६; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). दिवसा, उघड्यावर तिच्याबद्दल काही तक्रार नाही. घरात दिवे लागले की मात्र हात टेकावे लागतात. मुलगी नुकती चालायला लागली आहे, क्षणभर एका जागी थांबत नाही. आईबाबांचे निवांत बसलेले फोटोही हवे असतात. शटर १/१२५ वर ठेवलं की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या वर चढतो आणि चेहऱ्यावर दाणे दिसू लागतात. आयएसओ आवरला की फोटो हललेला येतो.

म्हणून एक प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेन्थची लेन्स) घ्यायचं ठरवलं आहे. एकच, दुसरी लगेच होणार नाही. वाचून वाचून यादी इथवर आली आहे: सोनी ई ३५ एफ/१.८ ओएसएस (म्हणजे हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन असलेली), सिग्मा ३० एफ/१.४ डीसी डीएन, सोनी ई ५० एफ/१.८ ओएसएस, सोनी एफई ५० एफ/१.८ आणि सिग्मा ५६ एफ/१.४.

जिथे वाचावं तिथे ‘पहिली प्राइम म्हणजे ५०’ असंच लिहिलेलं असतं. मग ५० घेऊन टाकू का? वापर बहुतेक घरातला, थोडा प्रवासातला. व्हिडिओ क्वचितच.

गारवा

५०. एफ/१.८ ला मागचं सगळं असं विरघळतं की किट लेन्स परत लावाविशी वाटत नाही. यादीतल्या दोन सोनी ५० पैकी कुठलीही घ्या.

तिपाई

गारवा, थोडं थांबूया. धागाकर्तीने दोन गोष्टी सांगितल्या आहेत, घर आणि चालतं मूल. त्या दोन्ही धरून बोलायला हवं.

५० चं जे नाव आहे ते ३६×२४ मिमीच्या, म्हणजे फुल फ्रेम चौकटीवरचं आहे. १९२५ च्या लायकावर ५० मिमीची लेन्स होती, फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपलं बहुतेक काम ५० वरच केलं, आणि पुढे फिल्मच्या कॅमेऱ्यांसोबत वर्षानुवर्षं ५० च मिळत राहिली. त्या चौकटीवर तिचा कोन कर्णावर मोजला तर सुमारे ४७ अंश भरतो. ए६४०० चा सेन्सर साधारण २३.५×१५.६ मिमी. त्यावर तीच ५० लावली की फुल फ्रेमवरच्या ७५ मिमीइतकाच भाग दिसतो, म्हणजे जेमतेम ३२ अंश. ही पोर्ट्रेटची लेन्स झाली, आणि चांगली झाली, पण ‘सगळ्याला चालणारी’ म्हणून जिची ख्याती आहे ती ही नव्हे. सेन्सरच्या कर्णाइतकी फोकल लेन्थ ‘नॉर्मल’ धरायचा रिवाज आहे. तुमच्या सेन्सरचा कर्ण सुमारे २८ मिमी आहे.

आता कोन बाजूला ठेवा आणि अंतर बघा. मोठ्या माणसाचा उभा, डोक्यापासून पायापर्यंतचा फोटो कॅमेरा उभा धरून काढायचा, वर-खाली थोडी जागा सोडून चौकटीत २ मीटर उंची मावायला हवी. तुमच्या सेन्सरवर त्यासाठी किती लांब उभं राहावं लागतं ते असं:

२३ मिमी: सुमारे २ मीटर
३० मिमी: सुमारे २.५ मीटर
३५ मिमी: ३ मीटर
५० मिमी: सव्वाचार मीटर
५६ मिमी: पावणेपाच मीटर

कंबरेपासून वरचा फोटो असेल तर ही सगळी अंतरं निम्मी करा.

दहा बाय बारा फुटांची खोली धरली तर लांब बाजू साधारण ३.६ मीटर. तुम्ही स्वतः भिंतीला टेकलात तरी कॅमेरा भिंतीपासून एक-दीड फूट पुढे येतो. समोरचं माणूसही पाठ भिंतीला लावून उभं राहत नाही, राहिलं तर पार्श्वभूमी धूसर होण्याचा प्रश्नच मिटला. म्हणजे हाताशी उरले अडीच ते पावणेतीन मीटर. त्यात ३० आरामात बसते, ३५ ला जरा ओढाताण होते आणि ५० वर अर्धं माणूस मिळतं.

माझं मत एका वाक्यात: पहिली प्राइम निवडताना आपल्याला किती मागे सरकता येतं ते आधी टेपने मोजावं. झूमवर ही अडचण बोटाने सुटते, प्राइमवर पायांनी सोडवावी लागते, आणि पायांमागे भिंत असते.

काचवेडी

+१. शिवाय एक सोपी पद्धत आहे. आतापर्यंत काढलेल्या फोटोंचा एक्झिफ डेटा (फोटोसोबत साठवलेली कॅमेऱ्याची नोंद) काढा आणि सगळ्यात जास्त फोटो कुठल्या फोकल लेन्थवर आहेत ते बघा. तीच तुमची प्राइम. लाइटरूम, डिजिकॅम वगैरेंमध्ये फोकल लेन्थनुसार गाळून बघता येतं.

तिपाई

काचवेडी, पद्धत चांगली आहे, पण या लेन्सच्या बाबतीत ती फसवते. १६-५० ही पॉवर झूम आहे. कॅमेरा बंद केला की आत जाते आणि चालू केला की १६ वर उघडते. त्यामुळे घाईत काढलेले सगळे फोटो १६ च्या खात्यात जमा होतात. मूल काहीतरी करतंय, कॅमेरा चालू, क्लिक. तिथे १६ कुणी निवडलेली नसते.

दुसरं टोक ५० चं. तिथेही ढीग दिसेल, कारण जवळ घ्यायचं म्हणून माणूस झूम दाबत राहतो आणि ती संपते तिथे थांबतो. त्याला हवं असेल ४५ किंवा ७०, नोंद होते ५०. कुठल्याही किट झूमच्या आकडेवारीत दोन टोकांना असे दोन डोंगर असतात. खरी माहिती मधल्या पट्ट्यात असते, जिथे आपण दोन्ही टोकं सोडून आपणहून थांबलो. ती बघायची.

त्याहून खात्रीचं काम म्हणजे झूम एका जागी बांधून टाकणं. चार दिवस फक्त ३०, मग चार दिवस फक्त ५०. पॉवर झूमला चिकटपट्टी लावून उपयोग नाही, दरवेळी चालू केल्यावर पडद्यावर आकडा बघून त्यावर न्यावी लागेल. प्रकाश कमी पडेल, फोटो दाणेदार येतील, ते मनावर घेऊ नका. परीक्षा फक्त चौकटीची आहे. किती वेळा पाठ भिंतीला लागली, आणि किती वेळा मूल चौकटीत अगदी चिमुकलं दिसलं, एवढंच टिपून ठेवा.

सावलीचा_शोध

५० ची बाजू कुणीतरी नीट मांडायला हवी म्हणून लिहितेय.

तिपाईदादांची अंतरं बरोबर आहेत, पण ती पूर्ण माणसाची. घरातल्या ज्येष्ठांचे फोटो आपण बहुतेक वेळा खांद्यापासून वर काढतो. समजा चौकटीत ६० सेंमी उंची हवी आहे. ३० मिमीने त्यासाठी पाऊण मीटरवर जावं लागतं, ५० ने सव्वा मीटरवर, ५६ ने त्याहून थोडं मागे. फरक दिसायला लहान आहे, चेहऱ्यावर मात्र तो मोठा पडतो. पाऊण मीटरवरून नाक पुढे येतं, कान मागे जातात, चेहरा अरुंद दिसतो. यात लेन्सचा दोष नाही, दूरजवळपणा अंतरावर ठरतो. पण ३० लावली की ते अंतर आपोआप कमी होतं, हेही खरं.

आणि माणसाच्या मनाचाही विचार करा. पाऊण मीटरवर कॅमेरा आला की आमच्या पिढीचे आईवडील अवघडून बसतात. दीड मीटरवरून ते बोलत राहतात, वाचत राहतात, आणि फोटो त्यातच मिळतो. हे मला कुठल्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

५० घ्यायचीच तर ओएसएसवाली, म्हणजे ई ५०. ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. एफई ५० मध्येही नाही, तिचं ऑटोफोकस आवाज करतं आणि हळू आहे, शिवाय ती ४५ सेंमीपेक्षा जवळ फोकस करत नाही. ती फुल फ्रेमसाठी बनवलेली आहे. नावात ‘५० १.८’ दोन्हीकडे असल्याने गल्लत होते, मागवताना नाव अक्षर न् अक्षर वाचा.

तिपाई

सावलीताई, चेहऱ्याचा मुद्दा पूर्ण मान्य. त्यावर तोडगा असा की ३० किंवा ३५ ने खांद्यापर्यंतचा फोटो काढायचाच नाही. सव्वा-दीड मीटरवर थांबायचं, कंबरेपर्यंतचं माणूस घ्यायचं, त्याची खुर्ची, हातातलं काम, खिडकीचा उजेड हेही येऊ द्यायचं. फारच वाटलं तर नंतर कापता येतं, २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी सवड आहे. ५० ने घेतलेल्या फोटोला मात्र नंतर चहूबाजूंनी जागा जोडता येत नाही.

गारवा

ठीक आहे, खोलीचं गणित पटलं. पण मग ३० आणि ३५ मध्ये निवडायचं कसं? एक एफ/१.४ आहे, दुसरी १.८ आहे पण स्टॅबिलाइझ्ड आहे.

कवडसा

या प्रश्नाचं उत्तर तुमच्या समोरचा विषय हलतो की नाही यावर आहे.

आधी उजेडाचं. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/१.८ ला सुमारे दहापट प्रकाश आत येतो आणि एफ/१.४ ला सोळापट. घरातल्या साध्या दिव्यांत १/१६० शटरला एफ/५.६ वर आयएसओ ८००० लागत असेल तर एफ/१.८ ला तेच काम ८०० च्या आसपास होतं आणि एफ/१.४ ला ५०० वर. म्हणजे किट सोडून कुठल्याही प्राइमवर आलात की मोठी उडी तिथेच संपली. १.८ वरून १.४ म्हणजे जेमतेम पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). तो उपयोगी आहे, पण त्याच्यासाठी झोप उडवण्याइतका नाही.

आता स्टॅबिलायझेशन. ते हाताची थरथर थांबवतं, मुलाची धावपळ नाही. चालणाऱ्या मुलाला १/२०० ते १/२५० लागतं, आणि त्या शटरला ३०-३५ मिमीवर हाताची थरथर तशीही दिसत नाही. तिथे ओएसएस असून नसल्यासारखं. उलट, संध्याकाळी दिव्यांत न्हालेला रस्ता, संग्रहालयातली मूर्ती, शांत बसलेले आजोबा हे १/१५ ला काढायचे असतील तर ओएसएस आयएसओ १६०० वरून २०० वर आणून देऊ शकतं. हातात धरून व्हिडिओ करायचा असेल तर ३५ ओएसएसच घ्या, यावर चर्चाही नको.

वजन: सोनी ३५ सुमारे १५५ ग्रॅम, सिग्मा ३० २६५ ग्रॅम. ए६४०० वर सिग्मा पुढे थोडी जड वाटते, पण हातात छान बसते. दोन्ही ३० सेंमीपर्यंत जवळ फोकस करतात. तान्ह्या मुलांच्या बोटांचे, पावलांचे फोटो काढायचे असतील तर तेवढं पुरतं.

काचवेडी

पार्श्वभूमी धूसर होण्यात किती फरक पडतो?

कवडसा

फोकल लेन्थला एफ-आकड्याने भागा. येतो तो लेन्सच्या ‘डोळ्याचा’ व्यास, आणि लांबची पार्श्वभूमी किती विरघळेल ते बहुतांशी त्यावर ठरतं. ३५/१.८ म्हणजे १९ मिमी, ३०/१.४ म्हणजे २१, ५०/१.८ म्हणजे २८, ५६/१.४ म्हणजे ४०. किट ५० वर एफ/५.६ ला ९. यावरून दिसतं की ३० आणि ३५ या बाबतीत जवळपास सारख्या आहेत. ५६ वेगळ्याच जातीची आहे, पण तिला जागाही तितकीच लागते.

एक सावधगिरी. एक मीटरवर या दोन्ही लेन्स पूर्ण उघड्या ठेवल्या तर स्पष्ट दिसणारी खोली साधारण सहा सेंमी असते. डोळा स्पष्ट आणि कान धूसर, इतकी कमी. दोन माणसं एका फोटोत असतील आणि एक वीतभर मागे असेल तर एफ/४ वर जायलाच हवं. प्राइम आणली म्हणून सगळं १.४ वर काढायचं हा हट्ट नवीन लेन्सच्या निम्म्या फोटोंचा घात करतो. एफ/२ ते २.८ हा मुलांसाठी सोन्यासारखा पट्टा आहे.

जुनी_रीळ

इतकं सगळं नवीन घेण्याआधी एक पर्याय सांगू का? कुणाच्या तरी कपाटात फिल्मच्या काळातली ५० एफ/१.८ किंवा २८ एफ/२.८ पडलेली असते. मिररलेसची हीच तर गंमत आहे. सोनीच्या माउंटपासून सेन्सर १८ मिमीवर असतो. जुन्या एम४२ स्क्रू माउंटच्या लेन्सला साडेपंचेचाळीस मिमी लागतात. मधले साडेसत्तावीस मिमी भरून काढणारी एक पोकळ नळी, तिच्यात काच नसते, एवढाच तो अडॅप्टर. मेनूमध्ये ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा लेन्सच नाही समजून क्लिक करणार नाही. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने दाखवणारी सोय) चालू ठेवा आणि एखादं बटण चित्र मोठं करायला लावा.

घेताना लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, दूर राहा. अपर्चरची पाती तेलकट असतील तर ती सुस्तावतात.

कवडसा

काका, शिकायला याहून चांगली शाळा नाही, हे मनापासून पटतं. हाताने फोकस करणाऱ्याला अंतर डोळ्याने कळू लागतं. पण धागाकर्तीचं मूल चालतंय, आणि सहा सेंमीच्या खोलीत पळणाऱ्या मुलाला हाताने फोकसमध्ये ठेवणं कसलेल्या माणसालाही जड जातं. ए६४०० चा आय-एएफ (डोळा ओळखून त्यावर होणारं ऑटोफोकस) आणि ट्रॅकिंग ही त्या कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी ताकद आहे. पहिल्या प्राइममध्ये ती सोडू नये असं वाटतं.

जुनी_रीळ

मान्य. मुलगी शाळेत जाऊ लागली की मग जुनी काच आणा. :)

रानवाट

मध्येच घुसतोय. माझ्याकडे कॅनन आर५० आहे, मित्राकडे निकॉन झेड५०. आम्हालाही हाच प्रश्न आहे. वेगळा धागा काढू का?

तिपाई

नको, इथेच सांगतो. गणित तेच आहे, फक्त गुणक (फुल फ्रेमवरची तुल्य फोकल लेन्थ काढायचा आकडा, सोनीला १.५) बदलतो.

कॅनन आर५० चा सेन्सर थोडा लहान, गुणक १.६. आरएफ ५० एफ/१.८ घेतली तर ती ८० मिमीसारखी वागते. घरात नको, पण १६० ग्रॅमची आहे आणि पोर्ट्रेटला सुंदर. आरएफ ३५ एफ/१.८ मॅक्रो आयएस एसटीएम म्हणजे ५६. तिच्यात स्टॅबिलायझेशन आहे आणि ती अर्ध्या मापापर्यंतचं मॅक्रोही करते. फुलं, किडे, दागिने यांची आवड असेल तर ही एक लेन्स दोघींचं काम करते. आरएफ २८ एफ/२.८ चपटी, १२० ग्रॅमची, म्हणजे ४५. प्रवासाला उत्तम, रात्री घरात जरा कमी पडेल. सिग्माची ३० एफ/१.४ आता आरएफ माउंटमध्येही आहे.

झेड५० ला झेड डीएक्स २४ एफ/१.७ म्हणजे ३६, वजन १३५ ग्रॅम. खोलीत फिरायला याहून सोयीची नाही. झेड ४० एफ/२ म्हणजे ६०. तीही हलकी आहे आणि पुढेमागे फुल फ्रेमवर गेलात तर तिथे खऱ्या अर्थाने ४० होते. मित्राकडे आधीच्या डीएसएलआरच्या निकॉन लेन्स असतील तर एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस (स्वतःची फोकस मोटर असलेल्या) चालतील. जुन्या, ज्यांच्यात मोटर नाही अशा एएफ-डी लेन्स बसतील, पण फोकस हाताने करावा लागेल, कारण एफटीझेडमध्ये मोटर नाही.

आर५० आणि झेड५० दोघांच्याही बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, तेव्हा कवडसाने वर लिहिलेलं तुम्हालाही तंतोतंत लागू.

रानवाट

आरएफ ३५ चं मॅक्रो वाचून निर्णय झालाच. कीटकांचे फोटो हीच माझी खरी आवड आहे. मित्राला २४ चं सांगतो. आभार!

निळाई

फुजीवाल्यांसाठी एक ओळ: एक्ससी ३५ एफ/२ आणि एक्सएफ ३५ एफ/२ यांच्यातली काचेची रचना तीच आहे. एक्सएफमध्ये अपर्चरची रिंग, धातूचा देह आणि पाण्या-धुळीपासून संरक्षण मिळतं. घरातच वापरायची असेल तर एक्ससी घ्या, चित्रात काही हरवत नाही. मायक्रो फोर थर्ड्सवर २५ एफ/१.७ किंवा १.८ म्हणजे बरोबर ५०, आणि तिथल्या बहुतेक बॉडींमध्ये स्टॅबिलायझेशन असतंच.

उंबरठा (धागाकर्ती)

सगळ्यांचे खूप आभार. इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तिपाईदादांनी सांगितलेली परीक्षा घेतली. आधी टेपने खोली मोजली. खेळण्याच्या कोपऱ्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत हात मोकळा ठेवून २.६ मीटर मिळतात. मग किट ५० वर आणून ठेवली. मुलगी जमिनीवर बसलेली असेल तेव्हा छान, चेहरा आणि हातातलं खेळणं एवढंच येतं. उठून माझ्याकडे यायला लागली की दोन पावलांत चौकटीबाहेर. मी मागे सरकते, ती पुढे येते, आणि मागे कपाट. ३५ वर बरंच सुसह्य झालं. ३० वर पहिल्यांदा असं वाटलं की मी चौकटीचा विचार सोडून तिच्याकडे बघते आहे.

सावलीताई, आईचा फोटो मात्र ५० वर खरोखर वेगळा आला. ती खिडकीशी वाचत बसली होती, मी दाराशी होते, तिला कळलंही नाही. ३० ने तोच फोटो काढायला जवळ गेले तर तिने पुस्तक मिटलं.

एक्झिफही बघितला. तिपाईदादा, तुम्ही म्हणालात तसंच, १६ आणि ५० ला डोंगर. मधल्या पट्ट्यात गर्दी २८ ते ३४ च्या दरम्यान आहे.

व्हिडिओ मी फारसा करत नाही. म्हणजे सिग्मा ३० ना?

सावलीचा_शोध

हो, ३०. तुमच्या मुलीचं वय बघता हेच बरोबर आहे, आणि मी ५० ची बाजू घेणारी असून सांगते. आईंच्या फोटोसाठी किट लेन्स ५० वर खिडकीशी वापरत राहा. दिवसाच्या खिडकीच्या उजेडात, शांत बसलेल्या माणसासाठी एफ/५.६ पुरेसं असतं. तिथे कमी पडते ती पार्श्वभूमीची मऊ धूसरता. तेव्हा मागे पसारा येणार नाही असा कोन शोधा.

कवडसा

३० घ्या. आल्यावर आधी एक तपासणी करा. विटांची भिंत किंवा पुस्तकांनी भरलेलं कपाट, कॅमेरा तिवईवर अगदी समोरासमोर, एफ/१.४ आणि एफ/४ ला एकेक फोटो. चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखे थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच बाजू धूसर आणि समोरची स्पष्ट असेल, आणि कॅमेरा तिरपा नव्हता याची खात्री असेल, तर आतली काच सरकलेली आहे. बदलून मागा, संकोच करू नका. डीएसएलआरवर लेन्स घेतली की फोकस पुढे पडतो की मागे हे जुळवत बसावं लागायचं. मिररलेस सेन्सरवरूनच फोकस करतो, तेव्हा ती डोकेदुखी नाही.

घरात सुरुवातीला हे ठेवा: एएफ-सी (सतत जुळत राहणारं ऑटोफोकस), ट्रॅकिंग आणि आय-एएफ चालू, अपर्चर एफ/२, ऑटो आयएसओ, वरची मर्यादा ६४००, आणि मेनूमध्ये ऑटो आयएसओचं किमान शटर १/२५०. दिवसा खिडकीपाशी आयएसओ आपोआप खाली येतो, संध्याकाळी वर जातो, तुम्ही फक्त मुलीकडे बघायचं. काही एलईडी दिव्यांत १/२५० ला फोटोत आडवे पट्टे दिसतात किंवा एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट येतो. तसं झालं तर १/१२५ किंवा १/१०० वर या, किंवा तो दिवा सोडून दुसरा लावा.

काचवेडी

उन्हात एफ/१.४ चालतं का?

कवडसा

लख्ख उन्हात ए६४०० ला नाही. तिचं सर्वात वेगवान शटर १/४०००, सर्वात कमी नेहमीचा आयएसओ १००, आणि कडक उन्हात त्या जोडीला एफ/२.८ च्या आसपास यावंच लागतं, नाहीतर पांढरं जळतं. सावलीत १.४ बिनधास्त. उन्हातही उघडी हवीच असेल तर ५२ मिमीचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळसर काच) घ्या, सिग्मा ३० चा फिल्टरचा व्यास तो आहे. आणि अशा उघड्या अपर्चरला, वेगवान शटरवर, मेनूतलं इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवण्याची सोय) बंद करा. चालू राहिलं तर मागचे प्रकाशाचे गोल कडेने कापल्यासारखे दिसतात.

उंबरठा (धागाकर्ती)

मागवली. सिग्मा ३० एफ/१.४ डीसी डीएन, ई माउंट, नाव अक्षर न् अक्षर वाचून. कपाटाचा फोटो काढून चारही कोपरे इथेच टाकते, तुम्ही बघून सांगा.